तळटिपेचा माग : मध्ययुगीन इतिहास वाचायला बसणाऱ्यांसाठी

मी मूळची वाणिज्य शाखेची. दिवसभर हिशेबाचं काम, आणि रात्री जेवणं आटोपली की सतराव्या-अठराव्या शतकातली पत्रं. गेली नऊ वर्षं हा नेम आहे. या काळात बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला : "मध्ययुगीन इतिहास वाचायचाय, पुस्तकांची यादी दे ना." सुरुवातीला मी यादी देत असे. आता आधी विचारते, "तुला नेमकं काय जाणून घ्यायचंय?"

याचं कारण माझा अनुभव. पहिली दोन वर्षं मी फक्त गोळा करत होते. इंटरनेट आर्काइव्हच्या संकेतस्थळावर जुन्या पुस्तकांच्या स्कॅन प्रती फुकट मिळतात हे कळलं, आणि दर रविवारी दहा-बारा फायली उतरवून घ्यायला लागले. तीनशेच्या वर फायली जमल्या तरी त्यांतलं एकही पुस्तक शेवटपर्यंत वाचून झालं नव्हतं. मग भोरकडच्या आमच्या माहेरच्या गावाच्या पाटीलकीचा तंटा कधी आणि कसा मिटला, हा एवढासा प्रश्न हाती घेतला. तिथून पुस्तकं आपोआप सापडायला लागली, कारण आता कुठलं पुस्तक कशाला हवं ते मला कळत होतं.

तेव्हा आधी प्रश्न ठरवा. एखादा किल्ला, एखादं घराणं, एखादा कर, एखादी तारीख, काहीही चालेल, पण लहान हवा. मग त्या विषयावरचं एक चांगलं अलीकडचं पुस्तक घ्या. शिवकालातल्या गावगाड्याबद्दल असेल तर अ. रा. कुलकर्णी यांचं 'शिवकालीन महाराष्ट्र' घ्या. ते वाचताना पेन्सिल हातात ठेवा आणि मजकुराइतकंच लक्ष तळटिपांकडे द्या. लेखकाला ही गोष्ट कुठून कळली, ते तिथे लिहिलेलं असतं. नवीन वाचक नेमक्या त्याच ओळी ओलांडून जातात.

तळटिपांची भाषा सुरुवातीला परकी वाटते. 'मइसा' म्हणजे 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने', इतिहासकार वि. का. राजवाड्यांचे बावीस खंड. पहिला 1898 साली निघाला, त्यात 1750 ते 1761 या काळातली पत्रं आहेत. 'शिचसा' म्हणजे 'शिवचरित्र साहित्य', पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाची माला. 'पेद' म्हणजे पेशवे दफ्तरातून निवडलेले कागद, गो. स. सरदेसायांनी 1930 नंतर संपादित केलेले पंचेचाळीस भाग. यांतला दुसरा भाग सगळा पानिपत प्रकरणावर आहे. पुढे 'ले.' आणि आकडा असेल तर तो लेखांक, म्हणजे पत्राचा क्रमांक. टिपण काढताना पृष्ठापेक्षा लेखांक लिहून ठेवा. तुमच्याकडे दुसरी आवृत्ती आली तरी पत्र सापडतं.

आणखी एक गोंधळ आधीच सांगून ठेवते. तळटिपेत नुसतं 'खरे' असेल तर थांबा. पटवर्धनांच्या दफ्तरातून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' काढणारे वासुदेवशास्त्री खरे वेगळे, शिवकालाची जंत्री (निरनिराळ्या कालगणनांच्या तारखा जुळवणारी कोष्टकं) करणारे ग. स. खरे वेगळे, आणि मंडळात आयुष्य घालवलेले ग. ह. खरे वेगळे. ग. ह. खरे यांचं 'संशोधकाचा मित्र' मिळालं तर विकतच घ्या. कालगणना, मोडी, नाणी, कागद कसा तपासायचा, हे सगळं त्यात नवख्यासाठी मांडलेलं आहे. मला ते चौथ्या वर्षी मिळालं. पहिल्या वर्षी मिळायला हवं होतं.

आता ऑनलाइन शोधाबद्दल. जुन्या मराठी पुस्तकांच्या बहुतेक प्रती डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या स्कॅनिंगमधून आलेल्या आहेत, आणि त्यांची नावं रोमन लिपीत कशीही लिहिलेली आहेत. राजवाड्यांचा 'व' कुठे 'व्ही'ने, कुठे 'डब्ल्यू'ने. 'मराठ्यांच्या' या शब्दाची चार-पाच रूपं दिसतात. म्हणून पूर्ण शीर्षक टाकू नका. आडनाव टाका, ते तीन प्रकारे लिहून पाहा, मग शीर्षकातला एकच सोपा शब्द जोडा. देवनागरीतही शोधून पाहा. फाईल उघडली की आधी आतलं मुखपृष्ठ वाचा, कारण बाहेरच्या नोंदीत खंड क्रमांक किंवा साल चुकलेलं असू शकतं. पानं गहाळ आहेत का तेही बघा. एका खंडात मला हवं ते पत्र जिथे होतं तीच आठ पानं नव्हती. दुसऱ्या ठिकाणची प्रत शोधल्यावर ती मिळाली.

बाकी ठिकाणं पटापट सांगते. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचा 'ग्रंथ संजीवनी' संग्रह, राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल', प्रबंधांसाठी 'शोधगंगा', आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावरची मोफत पुस्तकं. व्यक्ती किंवा स्थळ चटकन समजून घ्यायला मराठी विश्वकोश. जिल्हा गॅझेटिअरं सरकारने ऑनलाइन ठेवलेली आहेत, आणि छापील हवी असतील तर शासकीय ग्रंथागारात स्वस्त मिळतात.

शब्दकोशांवर मात्र थोडं थांबायला हवं, कारण माझं सगळं वाचन त्यांच्या जोरावर उभं आहे. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थचा 1857चा कोश आहे, दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' आहे, आणि यादवकाळासाठी तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाऊस यांचा जुन्या मराठीचा कोश आहे. फार्सी शब्दांसाठी तिथेच स्टाइनगास. मराठीतून हवा असेल तर माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, यांचा 'फार्सी-मराठी कोश'. शिवकालीन पत्र वाचताना हे सगळे एकाच वेळी उघडे लागतात.

का लागतात ते एका ओळीवरून सांगते. पहिलं छापील शिवकालीन पत्र वाचायला घेतलं, तर सुरुवातच अशी : "अजरख्तखाने राजश्री सिवाजीराजे दामदौलतहू बजानेबू कारकुनानि हाल व इस्तकबाल". देवनागरीत छापलेलं, मराठी राजाचं पत्र, आणि मला 'राजश्री सिवाजीराजे'खेरीज काही कळेना. त्या रात्री एकेक शब्द कोशात काढला. 'अज' म्हणजे कडून, 'रख्तखाना' म्हणजे राजाची कचेरी. 'दामदौलतहू' म्हणजे त्यांची दौलत कायम राहो. 'बजानेबू' म्हणजे कडे. 'हाल' आत्ताचे, 'इस्तकबाल' पुढे येणारे. म्हणजे : ज्यांची दौलत कायम राहो त्या राजश्री शिवाजीराजे यांच्या कचेरीतून, आत्ताच्या आणि पुढे येणाऱ्या कारकुनांना.

पुढे येणाऱ्यांना का? ते पत्राच्या शेवटी कळतं. अशा इनामपत्रांत शेवटी लिहिलेलं असतं की तालिक लिहून घेऊन असल इनामदाराला परत द्यावी. तालिक म्हणजे नक्कल, असल म्हणजे मूळ. कारकून बदलला की इनामदार मूळ पत्र घेऊन कचेरीत जायचा, नव्याला दाखवायचा, कारकून नक्कल ठेवून घ्यायचा आणि मूळ कागद पुन्हा घरच्या पेटीत यायचा. म्हणून शेकडो अस्सल पत्रं राजधानीच्या दफ्तरात न सापडता देशमुख-देशपांडे-पाटलांच्या घरी सापडली, आणि म्हणून राजवाड्यांना वाडेच्या वाडे पालथे घालत गावोगाव फिरावं लागलं. 1910 साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं तेही असे कागद नष्ट होण्याआधी जमवायला. एका मायन्याचा अर्थ लावल्यावर मला हे उमगलं. कुठल्या यादीने ते शिकवलं नसतं.

याच कारणाने सावधगिरीही हवी. ज्या कागदावर वतन टिकतं तो कागद बनावटही केला जातो, आणि तसे कागद पुष्कळ आहेत. संपादकाने पत्राला 'अस्सल' म्हटलंय, 'नक्कल' म्हटलंय की काही शंका घेतलीय, तो शब्द टिपून ठेवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुसरी मोठी पायरी म्हणजे तारीख. इथे मी स्वतः आपटले. गावच्या कार्यक्रमात मी एका इनामपत्राचं साल सांगितलं, आणि कार्यक्रमानंतर एका वयोवृद्ध शिक्षकांनी जवळ बोलावून शांतपणे सांगितलं, "बाई, एक वर्ष चुकलंय." पत्रात सुहूर सन होता, म्हणजे त्या काळच्या दफ्तरांत चालणारी कालगणना, अरबी अंकांच्या शब्दांत लिहिलेली. इसवी सन काढायला मी त्यात सरसकट 599 मिळवले होते.

पानिपतच्या सालावरून दाखवते. त्या काळच्या पत्रांत साल असतं "इहिदे सितैन मया व अलफ". इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. म्हणजे 1161. हा सन मृगाच्या तोंडावर सुरू होतो, कारण वसुलीचं वर्ष शेतीबरोबर चालायचं. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत 599 मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600. पानिपत 14 जानेवारी 1761चं, म्हणजे 1161 अधिक 600. माझं पत्र माघातलं होतं आणि मी 599 धरले. महिना मुसलमानी असेल तर आणखी जपावं लागतं, कारण तो दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतो. जमादिलाखर थंडीत आला की उन्हाळ्यात, हे जंत्री पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. मोडकांची किंवा खऱ्यांची जंत्री जवळ असू द्या.

शकाचं तसंच. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत 78, पुढे फाल्गुनअखेरपर्यंत 79. शिवजन्माच्या दोन तिथ्या घेऊन हिशेब करून बघा : वैशाख शुद्ध 2 शके 1549 म्हणजे 1627, आणि फाल्गुन वद्य 3 शके 1551 म्हणजे 1630. दुसऱ्या तिथीला मोठा आधार मिळाला तो जेधे शकावलीचा, म्हणजे सालवार नोंदींच्या यादीचा. कारीच्या जेध्यांकडची ही शकावली लोकमान्य टिळकांनी 1916 साली प्रसिद्ध केली. राज्य शासनाने 19 फेब्रुवारी 1630 ही तारीख मान्य केली आहे, आणि ती जुन्या ज्यूलियन पद्धतीची आहे. इंग्रजांच्या वखारीची पत्रं त्याच पद्धतीची, पोर्तुगीजांची मात्र नव्या ग्रेगोरियन पद्धतीची. सतराव्या शतकात दोन्हींत दहा दिवसांचा फरक पडतो. दोन साधनांत एकाच घटनेच्या तारखा दहा दिवसांनी वेगळ्या दिसल्या तर कुणाला खोटं ठरवण्याआधी एवढं तपासा.

बखरींबद्दल माझं मत स्पष्ट आहे : वाचा, आवडीने वाचा, पण कुणी कधी लिहिली ते पहिल्या पानावर लिहून ठेवा. कृष्णाजी अनंत सभासदाने आपली बखर जिंजीला राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिली, आणि तो शिवाजी महाराजांच्या दरबारातला माणूस. मल्हार रामराव चिटणीसाची बखर महाराजांनंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी झाली. दोघांत एखादा प्रसंग वेगळा असेल तर माझं झुकतं माप सभासदाला. मोगलांची बाजू वाचायची असेल तर सेतुमाधवराव पगडींनी भीमसेन सक्सेना, खाफीखान आणि दरबारची बातमीपत्रं मराठीत आणून ठेवली आहेत. फार्सी येत नाही म्हणून त्या बाजूकडे पाठ फिरवू नका. गोव्यात राहत असाल तर पणजीचं पुराभिलेखागार आणि पोर्तुगीज-मराठा संबंधांवरचं पिसुर्लेकरांचं काम हाताशी आहे. तमिळनाडूतल्या मराठी मंडळींना तंजावरचं सरस्वती महाल ग्रंथालय आहे, तिथे मोडीचे गठ्ठेच आहेत.

यादवकाळाची वाट वेगळी. तिथे पत्रं नाहीत, शिलालेख, ताम्रपट आणि महानुभावांचे ग्रंथ आहेत. तुळपुळ्यांच्या 'प्राचीन मराठी कोरीव लेख'पासून सुरुवात करा आणि जवळपासचा एखादा लेख प्रत्यक्ष जाऊन पाहा.

मोडी शिकायची का, असं विचारतात. छापील साधनांवर पहिली दोन-तीन वर्षं सहज जातात. पण शिकाच. पुराभिलेख विभागाचे आणि मंडळाचे वर्ग होतात. अक्षरं पंधरवड्यात येतात, वाचन यायला वर्ष लागतं. आधी पानभर शिरोरेघा ओढून मग खाली अक्षरं लोंबवलेली, शब्द तोडलेले नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ नाही, विराम नाही. पेशवेकालीन वळण सगळ्यांत रेखीव, तिथून सुरुवात करा.

आणि ग्रंथालयात जा. संदर्भ विभागातल्या ग्रंथपालाला विषय नाही, पत्राचा खंड आणि लेखांक सांगा. माझ्या प्रश्नाचा शेवट तसाच झाला. आमच्या गावचा महजर, म्हणजे गोतसभेचा निवाडा, एका खंडात छापलेला निघाला. महजरांची पद्धत समजायला वि. त्र्यं. गुणे यांचं मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरचं 1953चं इंग्रजी पुस्तक वाचलेलं होतं, म्हणून मी निवाडा बाजूला ठेवून आधी शेवट उघडला. तिथे साक्षीला बसलेले सगळे एकाखाली एक : पाटलापुढे निशाणी नांगर, शेट्यापुढे तराजू, न्हाव्यापुढे आरसा. सही येत नसलेल्या माणसांनी आपापलं हत्यार काढून दिलं होतं. त्यांतली तीन आडनावं आजही आमच्या आळीत आहेत.