पडद्यावर पाऊस नको: जुन्या १६ एमएम प्रोजेक्टरवर फिल्म चढवताना

जत्रेतल्या तंबूत सिनेमा पाहिलेल्यांना पडद्यावरचा ‘पाऊस’ आठवत असेल. नायक-नायिका घरात बसलेली असली तरी त्यांच्यावर उभ्या रेघांची संततधार चालूच. फिल्म जुनी झाली, असं म्हणून आपण ते सोडून द्यायचो. पण वय झालं म्हणून फिल्मवर चरे पडत नाहीत; ते कुठल्या तरी मशीनने किंवा हाताने पाडलेले असतात. मी स्वतः पाडले आहेत. पहिला प्रोजेक्टर घरी आला त्याच रात्री, गेट न पुसता, मी चारशे फुटांचं रंगीत रीळ लावलं. अकरा मिनिटांत त्यावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक हिरवी रेघ उमटली. ते रीळ मला पुन्हा कुठे मिळालं नाही.

म्हणून सुरुवात सफाईपासून. प्लग काढा, लेन्स बाजूला करा आणि गेट उघडा. फिल्म जिथे दिव्यासमोर क्षणभर थांबते, तीच ही जागा. फिल्मला दाबून सपाट ठेवणाऱ्या प्रेशर प्लेटच्या कडांवर आणि उजेड जिथून जातो त्या खिडकीच्या कोपऱ्यांत फिल्मच्या इमल्शनची, म्हणजे चित्र धरणाऱ्या थराची, पूड साचून मेणासारखी घट्ट बसते. बोट फिरवलं तर ती दिसण्याआधी हाताला लागते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा तिच्यावर थोडा वेळ धरा, मग बांबूच्या काडीने अलगद सोडवा. स्क्रू ड्रायव्हर किंवा ब्लेड अजिबात नको. धातूवर एक ओरखडा उठला की पुढे त्या मशीनवर चढणारी प्रत्येक फिल्म तो घेऊन उतरेल. स्प्रॉकेटचे, म्हणजे फीत ओढणाऱ्या दातेरी चाकांचे, दाते जुन्या टूथब्रशने झाडा. सगळे रोलर बोटाने फिरवून पाहा; जो फिरत नाही, त्याच्यावरून फिल्म घासत जाते. तेल फक्त तेलाच्या भोकांत, एक-दोन थेंब. फिल्मच्या वाटेवर सांडलेलं तेल धूळ धरून ठेवतं.

आता फिल्म. हात धुऊन ती नेहमी कडांना धरा. आंबलेल्या व्हिनेगरसारखा वास आला, किंवा फीत आक्रसून भोकं दात्यांवर नीट बसत नसली, तर ती चालवू नका. दुर्मीळ रीळ हाती लागलं असेल तर पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे विचारणा करावी. १९६४ पासून तिथे हेच जतनाचं काम चालतं.

फीत चढवताना भोकांची कड दात्यांच्या बाजूला येऊ द्या. वरच्या स्प्रॉकेटवर भोकं बसवून क्लॅम्प लावा, फीत गेटमध्ये सरकवा आणि गेटच्या वर एक, खाली एक असा लूप, म्हणजे फितीचा सैल वळसा, सोडा. या दोन लूपांवर बरंच काही अवलंबून आहे. स्प्रॉकेट सलग फिरतो, पण गेटमधली फीत सेकंदाला २४ वेळा थांबत-थांबत पुढे सरकते. हा फरक लूप सोसतो. लूप लहान पडला तर भोकं फाटतात, फार मोठा झाला तर फीत आवरणाला घासते आणि तिथेच चरा पडतो. बऱ्याच मशीनवर लूपसाठी खूण असते, ती पाळा. १६ एमएमवर आवाज चित्राच्या २६ फ्रेम पुढे असतो, त्यामुळे खालचा लूप चुकला तर ओठ आणि शब्द जुळत नाहीत. फितीवरचा आवाज जिथे वाचला जातो त्या साउंड ड्रमवरून मात्र फीत घट्ट बसलेलीच हवी, नाहीतर गाण्याचा सूर हेलकावे खातो.

मोटर लगेच सुरू करू नका. नॉब हाताने फिरवून आठ-दहा फ्रेम पुढे जाऊ द्या. लूप जसेच्या तसे राहिले, कुठे कट-कट झालं नाही, तरच मोटर, आणि शेवटी दिवा.

आणि खरी फिल्म लावण्याआधी टाकाऊ फिल्मचे वीस-तीस फूट चालवाच. चालू असतानाच मशीन थांबवा आणि फीत आहे तिथेच ठेवून वरचा स्प्रॉकेट, गेट, साउंड ड्रम अशा प्रत्येक जागी तिच्यावर मार्करने खूण करा. मग ती काढून टेबललँपखाली तिरकी धरा. चरा ज्या खुणेशी सुरू झालेला दिसेल, दोष त्याच जागी. रंगीत प्रिंटवर पाहायचं असेल तर रंगावरूनही कळतं. इमल्शनच्या बाजूने वरवर खरवडलं असेल तर रेघ हिरवी, आणखी खोल गेलं तर पिवळी, पार तळापर्यंत गेलं तर पांढरी. चकचकीत बाजूचा चरा पडद्यावर काळा दिसतो.

खेळ संपल्यावर रीळ सावकाश गुंडाळा. सैल झालं म्हणून टोक ओढून घट्ट करायचा मोह होतो, पण तेव्हा आतले वेटोळे धुळीसकट एकमेकांवर घासतात. तो पडद्यावरचा तुटक-तुटक पाऊस बहुतेकदा असाच आलेला असतो. सैल रीळ पूर्ण सोडून पुन्हा गुंडाळा. आणि मशीन झाकण्यापूर्वी गेटवरून पुन्हा एकदा कापूस फिरवा. ताजी पूड एका हातात निघते.