रंगाची बादली, तेलाचा डबा आणि कुजलेला गुलाब: गॅलरीत फुलझाडं लावताना या चुका टाळा

दर पावसाळ्यात, जुलैच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास, माझ्या फोनवर मेलेल्या झाडांचे फोटो यायला लागतात. कधी भाचीचा, कधी तिच्या मैत्रिणीचा, कधी सोसायटीतल्या कुणाचा. प्रश्न ठरलेला. "मावशी, पाणी तर रोज न चुकता घालत होते, मग असं का झालं?" उत्तर प्रश्नातच असतं, पण तसं म्हटलं की लोक रुसतात.

मी डोंबिवलीत राहते. तिसरा मजला, पश्चिमेची नऊ फुटी गॅलरी. विकतच्या कुंड्या दोनच, त्याही कुणी भेट दिलेल्या. बाकी सगळा संसार रंगाच्या बादल्या, तेलाचे १५ किलोचे डबे, कोळणीकडून आणलेले थर्माकोलचे खोके, एक फुटका माठ आणि बांधकामावरून आलेलं एक घमेलं यांत चाललाय. मोगरा, जास्वंद, सदाफुली, शेवंती, सगळं यात फुललंय. तेव्हा डब्यात झाडं येत नाहीत असं मी म्हणणार नाही. फक्त एवढंच, की कुंडीला भोक कुठे ठेवायचं याचा विचार कुंभार आधीच करून ठेवतो. फुकटच्या डब्यात तो आपल्याला करावा लागतो, आणि नेमकी तिथेच लोकांना घाई असते.

तळाला खडी घातली म्हणून निचरा होत नाही

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून तिच्यावर माझा विशेष राग. पहिल्याच वर्षी घराला रंग काढला होता आणि २० लिटरची एक छान पांढरी बादली उरली. नर्सरीतून कलमी गुलाब आणला. एका जाणकार गृहस्थांनी सल्ला दिला, "भोक पाडू नका, खालच्यांकडे गळेल. तळाला चार इंच खडी घाला, जास्तीचं पाणी खडीत राहील, मुळं वर कोरडी." ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं! मी तसंच केलं.

मे महिना ठीक गेला, दोन फुलंही आली. मग पाऊस लागला. पश्चिमेची गॅलरी म्हणजे झड थेट आत. जुलैत पानं पिवळी पडायला लागली. मला वाटलं, झाड उपाशी आहे, म्हणून दोन मुठी शेणखत घातलं. आठ दिवसांनी गॅलरीत वास यायला लागला, गटाराचं झाकण उघडल्यावर येतो तसा. रविवारी नवरा आणि मी बादली उचलायला गेलो तर हलेना. २० लिटरची बादली ओल्या मातीने भरली की पंचवीस-तीस किलोच्या घरात जाते, हे तेव्हा गावीही नव्हतं. शेवटी तिरकी केली. आतून डांबरासारखं काळं पाणी निघालं, ते गॅलरीच्या पाइपातून खाली गेलं, आणि खालच्या काकूंनी नेमकं त्याच वेळी दोरीवर ठेवणीतलं पातळ वाळत घातलं होतं. गणपतीत मी उकडीचे मोदक घेऊन गेले तेव्हा कुठे बोलणं सुरू झालं. गुलाबाची मुळं पाहिली तर तपकिरी, बुळबुळीत, चिमटीत धरली की साल निघून येत होती.

खडी का फसवते ते स्वयंपाकघरात दोन मिनिटांत कळतं. भांडी घासायचा स्पंज पूर्ण भिजवा आणि आडवा धरा. थोडं पाणी गळून थांबेल. आता तोच उभा करा. परत धार लागेल. बारीक छिद्रांच्या वस्तूत तळाशी ठरावीक उंचीपर्यंत पाणी धरलेलंच राहतं, आणि मातीचंही तेच आहे. खाली खडी आली म्हणजे पाणी लगेच तिच्यात उतरत नाही. वरच्या मातीचा तळ अगदी गच्च भिजल्याशिवाय ते खडीत जातच नाही. म्हणजे ओलीचा पट्टा आपण चार इंच वर, मुळांच्या आणखी जवळ आणून ठेवतो. भोकं असतील तरी खडीचा उपयोग नाही. नसतील तर ते झाड विहिरीत सोडल्यासारखंच.

मी काय करते: २० लिटरच्या बादलीला आठ भोकं, प्रत्येक पेन्सिल जाईल एवढं. चार तळाला आणि चार बाजूला, तळापासून बोटभर उंचीवर. बाजूची यासाठी, की सपाट तळाची बादली लादीवर चिकटून बसते आणि खालची भोकं बंद होतात. शिवाय खाली लादीचे तुकडे ठेवून बादली उचलून घेते. भोकांवर नारळाच्या शेंडीचा काथ्या, माती वाहून जाऊ नये म्हणून. प्लास्टिकला गॅसवर तापवलेला जुना स्क्रू-ड्रायव्हर वापरते, खिडकी उघडी ठेवून, कारण तो धूर वाईट. तेलाच्या डब्याला मात्र खिळा आतून बाहेर ठोकायचा. बाहेरून ठोकला तर पत्र्याची कडा आत उभी राहते आणि भोक असूनही तळाला पाणी साठतं. सगळ्यांना मी हे सांगते, आणि सगळे बाहेरूनच ठोकतात, कारण आत हात घालून ठोकायला अवघड जातं.

रंगाच्या बादलीत आत चिकटलेला रंग खरवडून काढा. तेलाचा डबा गरम पाणी आणि सोड्याने दोनदा धुवा. मासळीचा खोका असेल तर बर्फाचं खारट पाणी मुरलेलं असतं, तो दोन दिवस पाण्याने भरून ठेवा आणि ओतून द्या. मांजरीही कमी येतात.

पत्रा तापतो

एप्रिलमध्ये दुपारी तीन वाजता पश्चिमेच्या गॅलरीतल्या तेलाच्या डब्याला हात लावून बघा. आपण हात काढून घेतो, मुळांना ती सोय नाही. कडेची मुळं भाजतात, झाड मान टाकतं, आपण पाणी घालतो, ते झाड तरीही मान टाकतं. मी डब्याच्या बाहेर दुहेरी गोणपाट गुंडाळते आणि सकाळी तेच ओलं करते. आतून उन्हाकडच्या बाजूला थर्माकोलचा पातळ तुकडा लावला तरी चालतं. खरं सांगायचं तर उन्हाळ्यात माझं सगळ्यात लाडकं भांडं मासळीचा खोकाच आहे. हलका, गार, कडेने जाड. दिसायला गचाळ आहे हे कबूल, पण सदाफुली एकदा पसरली की खोका कुणाला दिसतो!

पारदर्शक बाटल्या आणि पाण्याचे जार वापरायचे तर बाहेरून रंगवा किंवा कापड गुंडाळा. उजेड आत गेला की शेवाळं धरतं.

सिमेंटच्या किंवा तांदळाच्या विणलेल्या गोण्यांत कायमची झाडं लावू नका. उन्हाने त्यांचा एक-दोन वर्षांत भुगा होतो आणि माती गॅलरीभर.

कठड्यावर ठेवलेली प्रत्येक गोष्ट तारेने बांधा. वळवाचा वारा सांगून येत नाही आणि खाली लोक चालतात.

डब्याखालच्या ताटलीतलं पाणी दोन दिवसांवर ठेवू नका. डेंग्यूचा एडिस डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो, आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात.

शेवंती आणि ट्यूबलाइट

ही चूक फार कमी लोक ओळखतात, त्यामुळे यातही थोडं लांबण लावते. एका जूनमध्ये मी शेवंतीचे फुटवे आणून तीन डब्यांत लावले. दोन दाराजवळ, एक वॉशिंग मशिनच्या पलीकडे कोपऱ्यात, कारण जागाच नव्हती. तिघांचे शेंडे ऑगस्टपर्यंत दोनदा खुडले, झुडपं छान भरली. नोव्हेंबरच्या मध्यावर कोपऱ्यातला डबा पिवळाधमक. दाराजवळचे दोघे नुसतेच हिरवे. म्हटलं उशीर होत असेल. डिसेंबरात गांडूळखत दिलं, मग हाडांची पूड दिली, मग जागा बदलावी असंही मनात आलं. झाडं आणखी हिरवी, आणखी उंच, कळी नाही. त्या वर्षी मुलाची दहावी होती, आणि तो रात्री एक वाजेपर्यंत गॅलरीत टेबल टाकून अभ्यासाला बसायचा. डोक्यावर ट्यूबलाइट. कोपऱ्यातल्या डब्यावर वॉशिंग मशिनची सावली.

शेवंती रात्री मोजते. सप्टेंबरनंतर रात्र मोठी व्हायला लागली की ती कळ्या धरते, पण रात्र सलग काळोखी हवी. मध्ये उजेड पडला की तिच्या लेखी अजून उन्हाळाच. मोठे उत्पादक फुलं लांबवायची असली की पॉलिहाउसमध्ये रात्री मुद्दाम दिवे लावतात. मी तेच फुकटात केलं होतं. नाताळात लाल होणारं पॉइन्सेटियाही असंच हट्टी.

उपाय म्हणून काही जण संध्याकाळी सहाला काळं कापड किंवा खोका घालून सकाळी काढतात. माझ्याच्याने रोज ते होत नाही. मी सप्टेंबर ते नोव्हेंबर गॅलरीचा दिवा लावत नाही आणि रस्त्याचा दिवा पडतो ती बाजू शेवंतीला देत नाही. घरच्यांनी दोन वर्षं कुरकुर केली.

दिशा एकदा पाहून विसरू नका

"आमच्याकडे ऊन येतं" हे लोक जानेवारीत बघून सांगतात. आपल्याकडे मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. म्हणून दक्षिणेच्या गॅलरीत हिवाळ्यात ऊन पायरीपर्यंत लोळतं आणि मेमध्ये, मोगऱ्याच्या ऐन हंगामात, गायब होतं. मोगरा, गुलाब, जास्वंद यांना पाच-सहा तास थेट ऊन लागतं. त्याहून कमी उन्हात पानं मिळतात, फुलं नाही. उजेड म्हणजे ऊन नव्हे.

माती, खत आणि यूट्यूबवरची सरबतं

गावाकडची काळी माती शेतात सोनं आहे, डब्यात संकट. वाळली की आकसून कडेपासून सुटते, आणि घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली. वरून भिजलेली, आत खडखडीत. माझं मिश्रण दोन भाग लाल माती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग जुनं शेणखत, मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीट दोन पाण्यांतून धुऊन घ्या, त्यात क्षार असतात. आणि कोकोपीटची पाच किलोची वीट घरच्या बादलीत भिजवू नका. ती फुगते. आमचं न्हाणीघर एक दिवस बंद होतं.

केळ्याच्या सालीचं पाणी, कांद्याचं पाणी, ताक, दुधासाखरेचा चहा गाळलेली पत्ती: झाडाला नक्की काय मिळतं देव जाणे, चिलटांना मात्र जेवण मिळतं. चहापत्ती धुऊन, वाळवून, कंपोस्टात. तांदूळ धुतलेलं पाणी चालेल, त्याने बिघडत नाही. डीएपी या रासायनिक खताचे दाणे चमच्याने घालणाऱ्यांना हात जोडते. शेतातल्या जमिनीत चुकीला जागा असते, २० लिटरच्या बादलीत नसते. पानांच्या कडा जळाल्या की समजा झालं. मग भरपूर पाणी ओतून क्षार खाली वाहू द्यायचे आणि महिनाभर गप्प बसायचं. हा गप्प बसण्याचा भाग नवशिक्यांना अजिबात जमत नाही.

दसऱ्याला घरचा झेंडू हवा असेल तर बी दोन-अडीच महिने आधी पडलं पाहिजे. घटस्थापनेला मला विचारून काय उपयोग?

नर्सरीतून आणलेलं रोप त्याच संध्याकाळी हलवू नका, आठवडाभर पिशवीतच गॅलरीची सवय होऊ द्या. गुलाबाच्या कलमाच्या जोडाखालून धुमारा फुटला तर तो मुळापासून काढा. खालचं जंगली खोड जोरात वाढतं, वरचं कलम उपाशी मरतं आणि लोक म्हणतात, किती छान पालवी आली!

जास्वंदीवर पांढरा कापूस दिसला तर ते मिलीबग, पिठ्या ढेकूण. पहिल्या दिवशी जुन्या टूथब्रशने आणि साबणाच्या पाण्याने दहा मिनिटांत निघतात. पंधरवडा उशीर केला तर लिटरभर पाण्यात पाच मिली निमतेल आणि साबणाचे थेंब घालून आठवड्याला एक अशा तीन-चार फवारण्या कराव्या लागतात, तेही संध्याकाळी, उन्हात नाही.

हे लिहितानाच भाचीचा फोटो आलाय. कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली आडवी कापून, सुतळीने टांगून, तिच्यात जास्वंद. खाली हसरा चेहरा. मी कळवलंय, बाटलीत ऑफिस टाइम (चिनी गुलाब) लाव, त्याला तेवढी माती पुरते आणि एखाद्या दिवशी पाणी चुकलं तरी ते रागवत नाही. जास्वंद शनिवारी इकडे घेऊन ये. एक बादली रिकामी आहे. भोकं पाडलेली.