वनस्पतिजन्य कर्करोगविरोधी संयुगे तपासताना पेशींचा ताण-प्रतिसाद कसा ओळखावा

सदाफुलीतील व्हिंक्रिस्टीन किंवा यू वृक्षातील पॅक्लिटॅक्सेल यांसारखे संयुग कर्कपेशीवर आघात करते, तेव्हा ती पेशी लगेच हार मानत नाही. बिघडलेली प्रथिने सावरणारी उष्माघात प्रथिने वाढवून, एनआरएफ२ या नियंत्रकाद्वारे ऑक्सिडीकरणरोधक यंत्रणा चालू करून आणि स्वतःचेच घटक पचवून, म्हणजे स्वभक्षणाने, ती तग धरू शकते. म्हणून नवे संयुग तपासताना किती पेशी मेल्या एवढेच मोजून थांबू नये.

प्रथम वेगवेगळ्या मात्रा आणि कालावधी निवडावेत, कारण सौम्य ताण बहुधा पेशीला वाचवतो, तर तीव्र किंवा दीर्घ ताण तिला मृत्यूकडे ढकलतो.

स्वभक्षणाचा अर्थ लावताना विशेष सावध राहावे. एलसी३-२ हे स्वभक्षणाच्या पिशव्यांच्या पटलाला जोडलेले प्रथिन वाढलेले दिसले, तरी स्वभक्षण वेगवान झाले की शेवटच्या टप्प्यावर अडले, हे तेवढ्यावरून ठरत नाही. त्यासाठी स्वभक्षणाचा शेवटचा टप्पा अडवणारे बॅफिलोमायसिन देऊन व न देता तुलना करावी आणि स्वभक्षणात पचून जाणाऱ्या पी६२ या प्रथिनाची पातळीही पाहावी. त्यानंतर स्वभक्षणासाठी लागणारे एटीजी५ हे जनुक निष्क्रिय करावे: पेशींचा मृत्यू वाढला, तर स्वभक्षण त्यांचे रक्षण करत होते, घटला, तर ते मारक ठरत होते. स्वभक्षण अडवणाऱ्या क्लोरोक्वीन या औषधाचे पेशीवर इतरही परिणाम होतात, त्यामुळे केवळ अशा अवरोधकावर विसंबणे मला अपुरे वाटते.

हळदीतील कर्क्युमिनसारखी संयुगे स्वतःच प्रतिदीप्त असतात, म्हणजे प्रकाश पडल्यावर चमकतात. तेव्हा प्रतिदीप्तीवर आधारित प्रत्येक चाचणीत पेशींविना केवळ संयुगाचा नियंत्रण नमुना ठेवावाच.