ऑफिसचं टेन्शन डिकीतच ठेवा
सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमधून तासभर घासत घरी आलं की ऑफिसातलं सगळं डोक्यातून थेट जेवणाच्या ताटापर्यंत येतं आणि मग पोळी गार का म्हणून उगाच वाद. मी हल्ली एक करते, फुकटचं आहे.

१. पार्किंगमध्ये गाडी स्टँडला लावली की तिथेच पाच मिनिटं थांबायचं, मोबाईल पर्समध्ये.
२. पेट्रोलच्या पावतीमागे जे डोक्यात फिरतंय ते लिहायचं, पण नुसतं 'साहेब चिडलेत' नाही, पुढे उद्या काय करणार तेही, म्हणजे 'साहेब चिडलेत, १० वाजता फाईल घेऊन स्वतःच जायचं'. हे दुसरं लिहिलं नाही तर नुसतं रडगाणं होतं.
३. कागद डिकीत, रेनकोटखाली. वर न्यायचा नाही.

रात्री परत आठवलंच तर 'डिकीत आहे' म्हणून कूस बदलायची. पहिले चार दिवस वॉचमनकाका विचारायचे, गाडी बंद पडली का ताई?

फक्त एक, झोप लागत नाही, जेवण जात नाही असं दोन आठवडे चाललं तर चिठ्ठ्यांवर भागवू नका, डॉक्टरला दाखवा, नाहीतर मानसिक त्रासासाठी सरकारची टेलिमानस हेल्पलाईन आहे, १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात.