पहिली ते चौथीचा खेळाचा तास : कुणालाही बाद न करता लंगडी आणि खो

खेळाचा तास ३५ मिनिटांचा असला तर घड्याळावर एकच गोष्ट पाहावी : वर्गातलं सर्वांत संथ मूल त्यातली किती मिनिटं हललं? सगळा वर्ग एकाच रिंगणात घेऊन लंगडी लावली, की पहिल्या मिनिटात बाद होतं ते अंगानं जड किंवा बुजरं मूल. मग तास संपेपर्यंत ते कडेला बसून माती उकरतं. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल सांगते. त्यातला शाळेचा वाटा या मुलापर्यंत पोचतच नाही. म्हणून प्राथमिकला ‘बाद’ ठेवू नका.

आधी जमीन बघा. मिरज, वाळव्याकडच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, त्यात पाऊल अडकून घोटा मुरगळतो. खेळायच्या चौकोनापुरता बारीक मुरूम टाकून, पाणी मारून, दाबून घ्या. जत, आटपाडी, माण, खटावकडे मुरमाड जमिनीवर रोज खडे वेचायला लागतात. मुलांना ओळीत चालवत वेचून घेतले तर दोन मिनिटांत होतं. रेघा फक्कीनं मारा. कळीचा चुना मैदानावर आणूच नये, डोळ्यात गेला तर डोळा भाजतो.

पहिली पाच मिनिटं अंग गरम करण्याची. मुलांना रांगेत उभं करून हात वर-खाली करायला लावण्यापेक्षा हळू पळणं, आडवं सरकणं, बेडूकउड्या आणि खेकडा-चाल घ्या. मुलं बोलू शकतायत, पण गाणं म्हणता येत नाही, इतकी धाप लागली की पुरे.

लंगडी सरळ खेळायला लावू नका, आधी शिकवा. एका पायावर उभं राहून १० अंक मोजणं, मग जागेवर ५ उड्या, मग ५ मीटर जाणं आणि परत येताना दुसरा पाय. पहिलीतल्या बऱ्याच मुलांना नावडत्या पायावर तीन उड्याही जमत नाहीत. त्यांना एका हातानं भिंतीचा आधार द्या आणि रोज दोन उड्या वाढवा. पडण्याचं मुख्य कारण म्हणजे वर उचललेला पाय हातानं धरून ठेवणं. तोल गेला की टेकायला हात मोकळा नसतो आणि तोंडावर आपटतं. दोन्ही हात सुटे हवेत. दुसरी चूक कानानं ओळखता येते : ‘धप्प’ आवाज आला म्हणजे मूल टाचेवर उतरतंय. चवड्यावर, गुडघा किंचित वाकवून उतरलं की आवाज जवळजवळ होत नाही. सलग २० उड्यांच्या वर नेऊ नका.

आता खेळ. ३० मुलांसाठी ८ मीटर बाजूचे तीन चौकोन आखा, प्रत्येकात १० मुलं. दोघं लंगडी घालतात, आठ पळतात. ज्याला हात लागला त्यानं रेघेबाहेर जाऊन ५ उड्या मारायच्या आणि लगेच आत यायचं. ४० सेकंद खेळ, २० सेकंद विश्रांती, की पुढची जोडी. पाच मिनिटांत दहाही जणांची लंगडी होते. मग हाच खेळ दुसऱ्या पायावर. जोडीनं किती जणांना हात लावला त्याचे गुण द्या. चौकोन ८ मीटरपेक्षा मोठा केला तर लंगडी घालणारं मूल कुणापर्यंत पोचत नाही आणि हिरमुसतं. लहान केला तर टक्कर होते.

तिसरी-चौथीला खो सुरू करता येतो. पूर्ण खेळात आठ जण बसतात आणि एकच धावतो, हे लहान मुलांना फार बसवून ठेवणारं आहे. चार बसलेले, एक पाठलाग करणारा आणि तीन पळणारे असे आठ-आठचे गट करा, बसण्यात दीड मीटर अंतर ठेवा आणि दर दीड मिनिटाला भूमिका बदला. बसताना वजन चवड्यांवर, दोन्ही हातांची बोटं पुढे जमिनीला टेकलेली. मांडी घातलेलं मूल उठेपर्यंत पळणारा निघून जातो. खो पाठीमागून द्यायचा, मानेखाली खांद्यांच्या मध्ये उघड्या तळव्यानं, आणि ‘खो’ त्याच क्षणी ओरडायचं. जोशात मुलं ढकलतात आणि पुढचं मूल नाकावर जातं. म्हणून पहिले दोन तास नुसतं चालत खो द्यायला लावा. लाकडी खांब रोवू नका. भुसभुशीत मातीत तो हलतो, वळताना डोकं आपटतं. खांबाच्या जागी फक्कीचं वर्तुळ काढून त्याला वळसा घालू द्या.

एक विषय जाता जाता. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ला हेलसिंकीत कांस्यपदक आणलं, त्यामुळे आपल्याकडे पालक दुसरीपासूनच कुस्तीचा आग्रह धरतात. आवड चांगलीच आहे. पण तालमीची माती किंवा गादी आणि जाणता वस्ताद नसताना शाळेच्या अंगणात डाव टाकू देऊ नयेत, आणि मानेवर भार येणारे व्यायाम तर नकोतच. हात धरून रेघेपलीकडे ओढणं, उकिडवं बसून तळव्यांनी एकमेकांचा तोल घालवणं एवढ्यानं पकड आणि तोल तयार होतात.

शाळेत जेवण झाल्यावर तासभर हा तास ठेवू नका. मार्चपासून तो सकाळी पहिला घ्या, आधी आणि मध्ये पाणी पाजा. चक्कर, मळमळ किंवा डोकेदुखी सांगणाऱ्या मुलाला लगेच सावलीत नेऊन ओल्या फडक्यानं अंग पुसा. बोलण्यात गोंधळ दिसला तर वाट न बघता दवाखान्यात न्या. गुडघा खरचटला तर स्वच्छ पाण्यानं भरपूर धुवा, वर माती-हळद लावू नका. ऊस तुटल्यावर शेजारच्या शिवारात पाचट पेटवलेलं असेल तर धूर थांबेपर्यंत तास वर्गातच घ्या, दम्याच्या मुलांना तो फार त्रास देतो. पाटण, महाबळेश्वरकडे पावसाळ्यात मैदान मिळत नाही. तेव्हा कोरड्या व्हरांड्यात लंगडीचा सराव, चिंध्यांच्या चेंडूची झेल आणि दोरीच्या उड्या चालतात, पण फरशी ओली असेल तर उडीचं काहीही नको, फक्त झेल.