भरतीच्या धावण्याची तयारी : शरीराच्या खुणा वाचताना होणाऱ्या या चुका टाळा

महाराष्ट्रात पोलीस भरतीच्या शारीरिक चाचणीत पुरुष उमेदवारांना १६०० मीटर आणि महिला उमेदवारांना ८०० मीटर धावावे लागते. त्यासोबत १०० मीटर धावणे आणि गोळाफेक असते. भरतीची मुले या साऱ्याला मिळून ‘ग्राउंड’ म्हणतात आणि त्यासाठी पहाटेपासून मैदानावर घाम गाळतात. त्यांच्या कष्टांत कमतरता नसते. चूक होते ती शरीराने दिलेल्या खुणांचा अर्थ लावताना. दम लागला, छाती धडधडली, घाम निथळला, मांड्या दुखल्या, या सर्व खुणा खऱ्या असतात; पण त्यांमागे शरीरात नेमके काय घडते हे ठाऊक नसल्यामुळे तयारी चुकीच्या दिशेने जाते, वेळ सुधारत नाही आणि काही वेळा जिवावर बेतते. शरीरक्रियाशास्त्राची थोडी ओळख असेल तर यातील बहुतेक चुका टाळता येतात.

रोज पूर्ण १६०० मीटर, तेही जीव तोडून

सर्वाधिक आढळणारी चूक हीच आहे. रोज सकाळी घड्याळ लावून पूर्ण अंतर पूर्ण वेगाने धावायचे आणि कालच्यापेक्षा वेळ कमी झाली का ते पाहायचे, अशी अनेकांची पद्धत असते. पहिले काही आठवडे वेळ सुधारते, मग ती एका जागी अडते आणि मुलगा आणखी जोर लावतो.

यामागचे कारण समजण्यासाठी स्नायूंना ऊर्जा कोठून मिळते हे पाहावे लागेल. स्नायू आकुंचन पावतो तो एटीपी नावाच्या रेणूच्या विघटनातून मिळणाऱ्या ऊर्जेवर. या रेणूचा साठा इतका अल्प असतो की तो जोराच्या हालचालीला काही सेकंदच पुरेल. म्हणून तो सतत नव्याने तयार व्हावा लागतो. तो तयार करण्याचे मार्ग तीन आहेत. क्रिएटिन फॉस्फेटचा साठा सर्वांत झटपट ऊर्जा देतो, पण पूर्ण जोरात तो साधारण दहा सेकंदांत ओसरतो. दुसऱ्या मार्गात ऑक्सिजनशिवाय साखरेचे विघटन होते आणि एक-दोन मिनिटांच्या जोरकस श्रमात या मार्गाचा वाटा मोठा असतो. तिसरा मार्ग ऑक्सिजनच्या साहाय्याने साखर आणि चरबी जाळण्याचा. तो संथ गतीने सुरू होतो, पण दीर्घकाळ टिकतो. हे तिन्ही मार्ग एकाच वेळी चालू असतात, फक्त त्यांचे प्रमाण बदलते.

आता १६०० मीटरचा विचार करू. पाच-सहा मिनिटांच्या या धावण्यात चार-पंचमांशाच्या आसपास ऊर्जा ऑक्सिजनच्या मार्गाने येते. तो मार्ग बळकट होतो तो स्नायूंतील मायटोकॉन्ड्रिया (पेशींमधील ऊर्जा तयार करणारे सूक्ष्म भाग) आणि केशवाहिन्या (अतिशय बारीक रक्तवाहिन्या) वाढल्याने आणि हृदय दर ठोक्याला अधिक रक्त फेकू लागल्याने. आणि या बदलांसाठी बरेचसे धावणे सोप्या गतीचे असावे लागते. धावता धावता सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतकी ही गती असावी. आठवड्यातले तीन-चार दिवस असे धावावे, एक दिवस ४०० मीटरच्या वेगवान फेऱ्या मध्ये विश्रांती घेत माराव्यात, आणि पूर्ण अंतराची चाचणी दोन-तीन आठवड्यांतून एकदाच घ्यावी. अनेक मुलांना सोपे धावणे म्हणजे कामचुकारपणा वाटतो. माझ्या मते भरतीच्या तयारीतील सर्वांत महाग पडणारा गैरसमज तो हाच.

चाचणीच्या दिवशी याच अज्ञानातून दुसरी चूक होते. पहिली फेरी सर्वांच्या पुढे राहण्यासाठी मारली जाते आणि तिसऱ्या फेरीत पाय शिशासारखे जड होतात. ऑक्सिजनचा पुरवठा स्नायूंच्या मागणीच्या पातळीवर यायला सुरुवातीला दोन-तीन मिनिटे लागतात आणि तोवरची तूट पहिल्या दोन मार्गांनी भरून निघते. जो पहिल्या ४०० मीटरमध्येच भरमसाट वेग घेतो, तो ही मर्यादित शिल्लक तिथेच संपवतो. सहा मिनिटांत १६०० मीटर पुरे करायचे असतील तर प्रत्येक फेरीला ९० सेकंद मिळतात; पहिली फेरी ७५ सेकंदांत मारून कमावलेले १५ सेकंद शेवटच्या दोन फेऱ्यांत दुपटीने जातात. शरीर आधीच तापवून घेणे, म्हणजे दहा-बारा मिनिटे हलके धावून तीन-चार छोट्या वेगवान धावा काढणे, यासाठी उपयोगी पडते. त्यामुळे ऑक्सिजनचा मार्ग लवकर वेग घेतो.

१०० मीटरचा सराव करणाऱ्यांची चूक याच्या उलट असते. दोन धावांमध्ये अर्धे मिनिट थांबून पुन्हा पळायचे, असा दहा-बारा वेळा क्रम चालतो. क्रिएटिन फॉस्फेटचा साठा बऱ्यापैकी भरून यायला तीन ते पाच मिनिटे लागतात. तेवढे थांबले नाही तर तिसऱ्या-चौथ्या धावेपासून सराव वेगाचा राहत नाही, केवळ दमण्याचा होतो.

दम लागतो म्हणजे फुफ्फुसे कमकुवत आहेत, ही समजूत

दम लागला की ‘छातीत ताकद नाही’ असे म्हटले जाते, आणि मग तोंडाला रुमाल बांधून किंवा बाजारात मिळणारा मास्क लावून धावण्याचे प्रयोग होतात. निरोगी माणूस विश्रांतीच्या वेळी मिनिटाला सुमारे ६ लिटर हवा आत घेतो. जोराच्या व्यायामात हे प्रमाण १०० लिटरच्याही पुढे जाते, आणि तरीही फुफ्फुसांतून बाहेर पडणारे रक्त ऑक्सिजनने जवळजवळ पूर्ण भरलेले असते. धाप लागते ती प्रामुख्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड आणि आम्लता वाढू लागल्याचे मेंदूला कळल्यामुळे. खरी मर्यादा बहुतेकांच्या बाबतीत हृदय किती रक्त पुढे ढकलते यावर येते. विश्रांतीत हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त फेकते, तर सामान्य तरुणाच्या कमाल श्रमात २० लिटरच्या आसपास. नाकातोंडावर अडथळा बांधल्याने श्वासाच्या स्नायूंवर ताण पडतो आणि धावण्याचा वेग घसरतो. हृदयाची क्षमता त्याने वाढत नाही.

अर्थात प्रत्येक धाप निर्धोक नसते. इतर मुलांपेक्षा खूप लवकर दम लागत असेल, श्वासासोबत शिट्टीसारखा आवाज येत असेल किंवा थांबल्यावरही खोकल्याची उबळ राहत असेल, तर व्यायामाने उद्भवणारा दमा असू शकतो. मुलींमध्ये, आणि काही मुलांमध्येही, रक्तातील हिमोग्लोबिन कमी असणे हे अकारण धाप लागण्याचे नेहमीचे कारण असते. साध्या रक्ततपासणीत ते कळते. महिनोन्‌महिने सराव वाढवत नेण्याआधी ही तपासणी करून घ्यावी.

छातीत दाब येणे, धावताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन कोसळणे, किंवा घरात कमी वयात कोणाचा अचानक मृत्यू झालेला असणे, यांपैकी काहीही असेल तर हृदयरोगतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय वेगाने धावू नये.

नाडीच्या गणिताबाबत एवढेच सांगणे पुरेसे आहे : कमाल नाडीचे ‘२२० वजा वय’ हे सूत्र केवळ सरासरीचा अंदाज देते. प्रत्यक्षात एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांच्या कमाल नाडीत २० ठोक्यांचा फरक सहज असू शकतो. मनगटावरच्या घड्याळाने लाल रंग दाखवला म्हणून घाबरू नये आणि हिरवा दाखवला म्हणून त्रास होत असताना रेटूही नये.

शेवटची रेषा ओलांडताच मटकन खाली बसण्याची सवयही मोडायला हवी. धावताना पायांच्या स्नायूंचे आकुंचन शिरांमधील रक्त हृदयाकडे परत ढकलत असते. एकाएकी थांबले की हा पंप बंद पडतो, रक्तवाहिन्या मात्र अजून रुंदावलेल्याच असतात. रक्त पायांत साचते, रक्तदाब घसरतो आणि चक्कर येते. पाच मिनिटे चालत राहावे. चक्कर आलीच, तर त्या मुलाला उताणे झोपवून पाय वर उचलून धरावेत, बळेच उभे करू नये.

अंग दुखण्याचे खापर लॅक्टिक आम्लावर

केंब्रिजमध्ये फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी १९०७ मध्ये बेडकाच्या थकलेल्या स्नायूत लॅक्टिक आम्ल साचते हे दाखवले. पुढे स्नायूंवरील संशोधनासाठी हिल आणि मायरहॉफ यांना १९२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हापासून थकवा आणि वेदना यांचा सारा दोष या पदार्थाला चिकटला, तो आजही मैदानावर ऐकू येतो. वास्तविक स्नायूंत तयार झालेले लॅक्टेट (लॅक्टिक आम्लाचे शरीरातील रूप) हे इंधन आहे. हृदय आणि इतर स्नायू ते जाळतात, यकृत त्यापासून पुन्हा साखर बनवते, आणि व्यायाम संपल्यावर तासाभरात रक्तातील त्याची पातळी मूळपदावर येते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जे अंग आंबते त्याच्याशी लॅक्टेटचा संबंध नाही.

ते दुखणे येते स्नायूंच्या तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेमुळे आणि त्यानंतरच्या दाहामुळे, आणि ही इजा विशेषतः स्नायू ताणला जात असताना जोर लावल्याने होते. कळसूबाई चढताना दम लागतो, पण दोन दिवस जिने उतरणे अवघड होते ते गड-डोंगर उतरताना मांडीचे स्नायू शरीराचा भार झेलत झेलत लांबल्यामुळे. बैठका मारतानाही खाली जाण्याच्या टप्प्यात हेच घडते. दुखणे २४ ते ७२ तासांत सर्वाधिक असते आणि आपोआप ओसरते. तोच व्यायाम थोड्या दिवसांनी पुन्हा केला की दुखणे बरेच कमी होते, कारण स्नायू त्या भाराला सरावतो. म्हणून नवीन व्यायाम थोड्या संख्येने सुरू करावा, आणि दुखले नाही म्हणजे व्यायाम वाया गेला असे समजू नये.

येथे एक गंभीर इशारा द्यायला हवा. सराव नसलेल्या मुलाकडून पहिल्याच दिवशी शिक्षा म्हणून शे-दोनशे बैठका काढून घेतल्या जातात. अशा वेळी स्नायू मोठ्या प्रमाणावर फुटून त्यांतील प्रथिन रक्तात उतरते आणि मूत्रपिंडांवर आघात होतो. मांड्या सुजून कडक झाल्या आणि लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली, तर मालिश-शेक करत न बसता त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

घामाचे मोजमाप

वजन उतरवण्यासाठी रेनकोट किंवा प्लॅस्टिक गुंडाळून धावणारी मुले आजही दिसतात. ६० किलो वजनाचा मुलगा १६०० मीटर धावला तर साधारण १०० किलोकॅलरी खर्च होतात. ही सारी ऊर्जा चरबीतून आली असे धरले तरी ती सुमारे १३ ग्रॅम चरबी होते. काट्यावर कमी झालेला अर्धा किलो हे पाणी असते आणि ते प्यायल्यावर परत येते, यायलाच हवे.

घामाचे काम वेगळे आहे. स्नायू खर्च केलेल्या ऊर्जेतील जेमतेम चौथा हिस्सा कामात वापरतात, उरलेली उष्णता होते. एक लिटर घाम त्वचेवरून वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण तो वाळला तरच. कोकणच्या दमट हवेत किंवा प्लॅस्टिकच्या आत तो केवळ निथळतो आणि शरीर तापतच राहते. जून २०१४ मध्ये मुंबईतील पोलीस भरतीत ५ किलोमीटर धावण्याच्या चाचणीदरम्यान काही उमेदवार दगावले आणि त्यानंतर अंतर कमी करण्यात आले, हे प्रत्येक प्रशिक्षकाने लक्षात ठेवावे. उन्हाची सवय शरीराला होते, पण तिला १० ते १४ दिवस लागतात; तेवढे दिवस सराव हलका ठेवून हळूहळू वाढवावा.

धावणारा मुलगा असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला आणि अंग भाजत असेल तर तो उष्माघात आहे असे गृहीत धरावे. अशा उष्माघातात घाम चालूही असतो, त्यामुळे ‘घाम येतोय, म्हणजे ठीक आहे’ हा निष्कर्ष घातक ठरतो. सावलीत नेऊन अंगावर भरपूर थंड पाणी ओतावे, शक्य असल्यास बर्फाच्या पाण्यात बसवावे, वारा घालावा, १०८ ला फोन करावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत हे थांबवू नये. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.

पाणी अतिरेकाने पिणेही धोक्याचे असते, कारण त्याने रक्तातील सोडियमचे प्रमाण घसरते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ज्या ४८८ धावपटूंचे रक्त तपासले गेले, त्यांपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम घसरलेले आढळले. भरतीच्या अंतराला हा प्रश्न येत नाही, मॅरेथॉन धावणाऱ्यांनी मात्र तहानेच्या मानाने प्यावे.

विश्रांतीचा हिशेब आणि नडगीचे दुखणे

शरीराचे सर्व भाग एकाच गतीने सुधारत नाहीत. रक्तातील द्रवाचे प्रमाण काही दिवसांत वाढते, स्नायूंतील बदलांना आठवडे लागतात, तर कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे पट्टे) आणि हाडे यांना महिने. त्यामुळे दम सुधारतो आणि मुलगा धावणे दुप्पट करतो, तेव्हा नडगीचे हाड अजून जुन्याच भाराला तयार असते. उलट टोकाची चूक म्हणजे भरती पुढे ढकलली गेली की सारे थांबवणे. १९६६ मध्ये डॅलस येथे पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे बिछान्यावर ठेवले, तेव्हा त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता सुमारे २७ टक्क्यांनी घसरली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना तपासले असता वयामुळे झालेली घट त्या तीन आठवड्यांतील घटीपेक्षा कमी निघाली. तारीख लांबली तर आठवड्यातून दोन-तीनदा तरी धावत राहावे.

नडगी दुखू लागली तर दुखण्याची जागा बोटाने चाचपून पाहावी. हाडाच्या आतल्या कडेने चार-पाच बोटे लांबीवर दुखत असेल, तर धावण्याचे अंतर निम्मे करावे, डांबरी रस्ता सोडून मातीवर धावावे आणि पोटरीचे व्यायाम करावेत. काही आठवड्यांत बहुधा आराम पडतो. एकाच बिंदूवर बोट ठेवताच कळ येत असेल, रात्रीही ठणकत असेल किंवा एका पायावर उडी मारता येत नसेल, तर हाडाला बारीक तडा गेल्याची शक्यता असते. हा तडा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्ये बरेचदा दिसत नाही. त्यामुळे एक्स-रे चांगला आला म्हणून लगेच ग्राउंडवर न परतता अस्थिरोगतज्ज्ञांना एमआरआयबद्दल विचारावे आणि ते परवानगी देईपर्यंत धावणे पूर्ण बंद ठेवावे. तेवढ्या काळात डॉक्टरांच्या संमतीने पोहणे किंवा सायकल चालवणे सुरू ठेवता येते, म्हणजे कमावलेला दम फारसा घटत नाही.