वादळात उन्मळलेलं जंगल: मातीतून ये-जा करणारे वायू कसे मोजायचे

झाड मुळासकट उन्मळलं की तिथे खड्डा पडतो आणि शेजारी मातीचा ढिगारा उभा राहतो. दोन पावलांच्या अंतरात एकीकडे पाणी साचलेलं, दुसरीकडे माती कोरडी, भुसभुशीत. त्यामुळे पडझडीत दिसेल तिथे चेंबर (मातीत दाबलेलं कडं आणि त्यावरचं झाकण) ठेवून काढलेली सरासरी कुठल्याच जागेची नसते. आधी जागा वेगळ्या करा: खड्डा, ढिगारा, आडव्या खोडालगतची माती, लाकूड काढणाऱ्या यंत्रांच्या चाकोऱ्या, आणि तुलनेसाठी शेजारचं उभं जंगल. प्रत्येक प्रकारात निदान चार कडी हवीत. कुठल्या प्रकाराने किती टक्के जमीन व्यापली आहे, तेही टेप लावून मोजा. शेवटी आकडे त्याच प्रमाणात जोडायचे असतात.

उभ्या राहिलेल्या मुळांच्या गड्ड्याखाली मात्र बसू नका. खोड कापलं की तो झटक्यात खड्ड्यात परत पडतो.

कड्यासाठी 20 सेंमी व्यासाचा पीव्हीसी पाइपचा तुकडा 3 ते 5 सेंमी आत दाबा. जास्त खोल ठोकला तर बारीक मुळं तुटतात, कुजतात आणि कार्बन डायऑक्साइडचा आकडा फुगतो. म्हणून दोन आठवडे थांबून मोजणी सुरू करा. झाकण अपारदर्शक असावं. त्याला रबरी बूच आणि दाब सारखा ठेवणारी बारीक नळी हवी.

झाकण लावल्यावर 0, 10, 20 आणि 30 मिनिटांनी सिरिंजने 20 मिली हवा काढून 12 मिलीच्या निर्वात कुपीत भरा. 5 सेंमी खोलीवरचं तापमान आणि ओलावा त्याच वेळी नोंदवा. ओल्या खड्ड्याच्या कडेला गुडघा टेकला तरी मातीतले बुडबुडे फुटतात आणि मिथेन एकदम उसळतो. तिथे फळी टाकूनच काम करा. पहिलाच नमुना अवाजवी चढा आला तर ती फेरी टाकून द्या.

हिशेब सोपा आहे. चेंबरमधल्या हवेची उंची 20 सेंमी, तापमान 20 अंश, आणि मिथेन अर्ध्या तासात 1.95 वरून 1.65 पीपीएमवर (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) उतरला, तर माती दर चौरस मीटरला तासाला सुमारे 80 मायक्रोग्रॅम मिथेन शोषते आहे. उभ्या जंगलाच्या हवेशीर मातीत असंच चित्र दिसतं. चाकोरीत माती दबून हवेच्या वाटा बुजतात, शोषण घटतं. पाणी साचलेल्या खड्ड्यात तर चिन्हच उलटतं: मिथेन मातीतून बाहेर पडतो.

कार्बन डायऑक्साइड कमी दिसला म्हणून हुरळून जाऊ नका. मुळांचा श्वास थांबलेला असतो, पण वरचं प्रकाशसंश्लेषणही थांबलेलं असतं, आणि उघड्यावर तापलेल्या मातीत पालापाचोळा कुजतच असतो.

नायट्रस ऑक्साइड सगळ्यात फसवा. नायट्रेट उचलणारी मुळं उरलेली नसतात, म्हणून ते मातीत साचतं आणि जिवाणू त्यापासून हा वायू बनवतात. पाऊस पडून माती भिजली की उत्सर्जन काही दिवस उसळतं आणि ओसरतं. महिन्याची ठरलेली फेरी ते हमखास चुकवते, म्हणून मोठ्या पावसानंतर एक ते तीन दिवसांत जादा फेरी माराच.